धंद्याचा चुडा

बांगडी अडते ती अंगठ्याच्या मुळाशी. तिथं जोर केला की काच फुटते, कातडं सोलतं आणि गिऱ्हाईक बोंब मारतं. म्हणून आधी हात दाबून दाबून मऊ करायचा, चारी बोटं जवळ घ्यायची, अंगठा तळव्यात मुडपायचा आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. "आवं काकी, औंदा तुमच्याकडचा हुरडा लय ग्वाड निघाला म्हनं!" काकी हुरड्याचं सांगू लागते, तोवर बांगडी मनगटावर. मणेरणीची, म्हणजे बांगड्या भरणारणीची, अर्धी कला हातात आणि अर्धी तोंडात. माझ्या तोंडाविषयी गावात तक्रार कधीच नव्हती, असलीच तर ते जास्त चालतं अशी होती.

मी आमिना. तासगावच्या अलीकडच्या एका गावात मी उभा जन्म बांगड्या भरल्या. चौथीपर्यंत शिकले, म्हणून हे स्वतः लिहिते आहे. दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, "धंद्यातल्या गमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. तालमीतला एक गडी बायकोच्या हाताचं माप म्हणून आपल्याच अंगठ्याचा आणि बोटाचा वेढा करून आला होता. घरापासून सबंध बाजारभर तो वेढा तसाच धरून चालला, आणि कुणाचा धक्का लागला की "ए, माप हाललं की रं!" म्हणून अंगावर जायचा. मी त्या वेढ्यात बांगडी बसवून बघितली आणि दिली. दुसऱ्या आठवड्यात बायको स्वतः दाखवायला आली, तंतोतंत बसली होती. तेव्हापासून पैलवान लोकांना अक्कल नसते असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

पण अंकवाल्यांना गमती दुसरं कुणीही देईल. मी सांगणार आहे ते रूथचं.

त्याआधी आमच्या धंद्याच्या दोन-तीन रीती सांगाव्या लागतील. एक म्हणजे बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. फुटणं फक्त विधवेच्या वाट्याला. दुसरी रीत, भरून झालं की बाई बांगड्या भरणारणीला वाकून नमस्कार करते. मग ती पाटलीण का असेना आणि भरणारी माझ्यासारखी मुसलमानीण का असेना. एरवी मला ओसरीच्या खाली बसवणारी बाई त्या घटकेला माझ्या पाया पडायची, आणि मी "अखंड राहू दे" म्हणायची. नमस्कार झाला की मी पुन्हा ओसरीखाली.

तिसरी रीत माझ्या एकटीची. माझा नवरा पटकीनं गेला तेव्हा मी ऐन तरुण होते. आमच्यातही नवरा गेला की बांगड्या काढून हात मोकळे करतात, तसे माझे केले. पण पोट भरायचं होतं, सासू म्हातारी होत चालली होती, आणि मोकळ्या हाताच्या बाईकडून चुडा भरून घ्यायला गावातली एक सुवासीण तयार होईना. खरं तर कुणी तसं बोललं नाही. दारं मात्र लागायला लागली. मग सासूनं एका सकाळी मला पुढ्यात बसवलं आणि विकून उरलेल्या बांगड्या काढल्या. एक पिवळट, एक जांभळी, एक काळपट, एक कसल्यातरी मळक्या रंगाची. जोडीदार वाढल्यामुळं एकट्या पडलेल्या. त्या तिनं माझ्या हातात भरल्या.

मी म्हटलं, "अम्मा, लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "ह्या नवऱ्याच्या न्हाईत. ह्या धंद्याच्या. कुणी इचारलं तर असंच सांग."

गावानं ते खपवून घेतलं. हात मोकळा दिसत नव्हता, एवढ्यावर सुवासिनी खूश. पुढं पुढं बायका थट्टेनं त्याला धंद्याचा चुडा म्हणायला लागल्या. सासू होती तोवर माझी बांगडी वाढली की ती भरायची. ती गेल्यावर मी माझी मीच चढवायची, आणि आपल्याच हातानं आपल्याला बांगडी भरणं काय असतं ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. एक हात नेहमी कमी पडतो.

आता रूथ. लढाईची वर्षं होती. जपानी रेशमी बांगड्या यायच्या बंद झाल्या होत्या आणि आमच्या मुलखातला घरटी एक गडी पलटणीत गेला होता. गावाबाहेरच्या वस्तीतलेही गेले. तेव्हा महारवाडा म्हणत. आज तो शब्द कुणी उच्चारत नाही ते बरंच आहे, पण तेव्हाचं सांगायचं तर तो लिहावा लागतो. तिथल्या धुरपाबाईचा एकुलता लेक पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला बेपत्ता झाला. मेला असं सरकार म्हणत नव्हतं, जिवंत आहे असंही म्हणत नव्हतं. त्याची बायको ती रूथ.

ही मुलगी जतच्या पलीकडची, कानडी बोलणारी. तिच्या बापाच्या वेळेपासून ते घर ख्रिस्ती झालेलं. लग्नासाठी लेकही ख्रिस्ती झाला, आई मात्र आपल्या देवांना धरून राहिली. म्हणजे बघा. वस्तीतल्या बायका रूथला म्हणायच्या, "ही बाटलेली." रविवारी मैलभर चालून ती प्रार्थनेला जायची, तिथं आधीपासूनचे ख्रिस्ती पुढं बसायचे आणि ही कोणत्या वाड्यातली ते ओळखून तिला मागं जागा व्हायची. मराठीत बोलायला लागली की दोन्हीकडची पोरं तिच्या कानडी हेलाची नक्कल करायची. ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणतात. पहिल्यांदा तिनं मला पारापाशी "सलाम, बाई" म्हटलं, तेव्हा एकीनं लगेच शेरा मारला, "बाटली ती बाटली, आता मुसलमानबी झाली!" सगळ्या हसल्या. तीही हसली, कारण तेव्हा तिला हसता येत होतं. नवरा होता तेव्हा.

मी या गोष्टीवर लय विचार केलाय. माणूस एका बाजूनं परकं असलं तर दुसऱ्या बाजूला पाठ टेकतं. मला गावात मुसलमानीण म्हणून ओसरीखाली बसवलं तर मी घरी येऊन सासूजवळ आमच्या बोलीत चार शिव्या हासडायची, की जीव हलका. आमच्या मोहल्ल्यात रांडमुंड म्हणून नाक मुरडलं तर बांगड्या घेऊन गावात जायची, तिथं बायका वाट बघत असायच्या. रूथला टेकायला एक नवरा तेवढा होता. जातभाऊ धर्मानं तोडलेले, धर्मभाऊ जातीनं लांब ठेवलेले, भाषा माहेरी राहिलेली. आणि नवराच हरवला.

त्यात हा चुडा. धुरपाबाई म्हणे, "हिरवा चुडा घाल, माझा ल्योक जिता हाय." वस्तीतला म्हातारा म्हणे, "वरीस उलटलं, हात मोकळं करा, घराला पाप लागतंय." पाळकाची बायको, स्वभावानं भली बाई, ती म्हणे, "प्रभूवर भरवसा आहे ना, मग काचेवर कशाला?" पोरगी सगळ्यांचं ऐकायची. घरी चुडा घालायची, रविवारी वाटेत उतरवायची, परत येताना पुन्हा चढवायची. सुवासिनींच्या घोळक्यात तिला बोलवत नव्हते, विधवांच्यात ती बसत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग ती बोलायची थांबली. चूल पेटवून नुसती बघत बसायची. भाकरी जळून कोळसा झाली तरी हलायची नाही. धुरपाबाई माझ्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आमिनाबी, हिला काहीतरी लागलंय. येत्या अवसंला देवरुष्याकडं न्यायची हाय. पर मोकळ्या हातानं नेली तर रंडकी समजून त्यो वारं हाकलायचा न्हाई. हिच्या हातात चुडाच टिकंना. तू असा भर की निघायचाच न्हाई. घट्ट."

तो देवरुषी मला माहीत होता. चिंचेच्या ओल्या फोकानं बायांच्या अंगातलं वारं काढायचा. त्याच्याकडून आलेल्या एका बाईला मी बांगड्या भरल्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत ती हात लावू देत नव्हती.

"घट्ट बांगडी भरत न्हाई मी," मी म्हटलं. "पर येते."

इथं आणखी एक रीत सांगायला हवी, आणि ती सांगताना बरं वाटत नाही. वस्तीत आम्ही बांगड्या भरत नव्हतो, देत होतो. फडकं अंथरायचं, त्यावर बांगड्या मांडायच्या, बायांनी आपल्या आपण चढवायच्या, जोंधळे फडक्यावर टाकायचे. हाताला हात नाही. वस्तीत हात धरला असं कळलं की गावातली एक बाई माझ्या हातात हात देणार नाही, हे सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या बायाही लांबूनच नमस्कार करायच्या.

मी भर दुपारी गेले. रूथ भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. भोवती बायका जमल्या. मी फडकं अंथरलं, बांगड्या मांडल्या. ती बघेना. धुरपाबाई ओरडली, "घाल की गं!" नाही. मी मराठीत गोंजारलं, चेष्टा केली, हुरड्याचंसुद्धा काढलं. काही नाही. मग मला जतच्या बाजारातली माझी मोडकी कानडी आठवली. धंद्यापुरती येत होती.

"कै कोडव्वा," मी म्हटलं. हात दे गं बाई, एवढाच अर्थ.

तिनं मान वर केली. त्या गावात तिच्याशी कानडीत बोललेलं तिनं बहुधा पहिल्यांदा ऐकलं असेल. काखेतला उजवा हात काढला आणि थेट माझ्यासमोर धरला.

 आता बघा, मी हात दे म्हटलं होतं आणि तिनं तो दिला होता. फडक्याकडं बोट दाखवून "तुझं तू घाल" म्हणणं सोपं होतं. माझं तोंड असल्या वेळी चालतं. पण आधी त्या हाताकडं बघितलं. साबण नाही, पाणी नाही, तसाच चुडा ओढून काढलेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अंगठ्याच्या मुळाशी कातडं राहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत असा हात मी पाहिला नव्हता.

मी तो हातात घेतला. मागून कुणीतरी "आगं बया!" म्हटलेलं ऐकू आलं.

पाणी मागवलं, हात धुतला, खोबरेल लावलं. आणि मग तिला विचारलं, "कुठली भरू?" धुरपाबाई म्हणाली, "हिरवी." मी म्हटलं, "तुमाला न्हाई इचारलं."

रूथ माझ्या मनगटाकडं बघत होती. मग बोलली, जडशा मराठीत. "तुमच्या हातातल्या कुणाच्या नावाच्या?"

"कुणाच्याच न्हाईत गं. मेलेल्याच्याबी न्हाईत आन जित्याच्याबी न्हाईत. धंद्याच्या हायत ह्या."

"मला तसल्या."

धुरपाबाई उसळली. "माझ्या लेकाच्या नावाचा चुडा हाय त्यो! त्यो निघाला तर माझा ल्योक..."

माझी जीभ सुटली. "धुरपाबाई, तुमचा ल्योक काचंनं परत येनार आसंल तर गाडीभर काच आणून तुमच्या दारात वतते! त्यो हिच्या मनगटावर न्हाई अडकल्याला. हिचा हात बघा जरा, हात!"

तिनं बघितलं. मग खाली बसली आणि मोठ्यानं रडली. विधवा होती, तिचे हात कधीचे मोकळे. बायकोनं नवऱ्यासाठी काय घालायचं ते जगाला ठाऊक आहे. आईनं लेकासाठी काय घालायचं, त्याची बांगडी आमच्याकडं नाही. त्या बाईशी मी इतकं तोडून बोलायला नको होतं असं अजून वाटतं, पण न बोलून चाललं नसतं हेही तितकंच खरं.

मी जुडग्यातून उरलेल्या, एकट्या पडलेल्या बांगड्या शोधल्या आणि रूथच्या हातात सैल भरल्या. ख्रिस्ती लोकांत देवाशिवाय कुणाला नमस्कार करत नाहीत. तिनं केला नाही. नुसती हाताकडं बघत राहिली.

अमावास्या तोंडावर होती. मी धुरपाबाईला म्हटलं, "चार दिस माझ्यासंगं जतंच्या बाजाराला धाडा. तिच्या भाषेचा मुलूख हाय, बोलली तर तितं बोलंल." ती रडून दमली होती, नाही म्हणाली नाही. अमावास्या आली तेव्हा आम्ही जतच्या बाजारात फडकं पसरून बसलो होतो. रूथ सकाळभर बांगड्या मांडत होती. मग एका धनगराच्या म्हातारीनं कानडीत भावावरून माझ्याशी हुज्जत घातली आणि माझी मोडकी कानडी संपली, तेव्हा रूथनं तोंड उघडलं. काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण म्हातारी खदाखदा हसली आणि चढ्या भावानं घेऊन गेली.

लगेच सगळं बरं झालं असं मात्र समजू नका. त्याच दुपारी एकीनं विचारलं, "कुणाची गं तू? लेकरं किती? मालक काय करतो?" आणि ही पुन्हा भिंत झाली ती गावी येईपर्यंत. असे दिवस तिला पुढं कित्येक वर्षं यायचे. आताची पोरं मनाचा आजार म्हणतात आणि डॉक्टर गाठतात, चांगलं आहे. तेव्हा आम्हाला एवढंच समजलं होतं की तिला एकदम कुणी "तू कुणाची" विचारायचं नाही. विचारलंच तर मी मध्ये पडायची, "माझ्या धंद्यातली हाय" म्हणून सांगायची. तेवढ्यावर लोक गप्प बसायचे. पुढं ती माझ्याबरोबर धंद्यातच आली, आणि मी ज्या वस्त्यांत हात धरत नव्हते तिथं ती धरून भरायला लागली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे तिला मी कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती.

गावानं काय केलं ते विचाराल. पाटलीणबाईंनी दारातूनच सांगितलं, "आमिना, तू कुणाचाबी हात धरतीस. आमाला न्हाई चालायचं." एक हंगाम गेला. घरात जोंधळे कमी, गावात शब्द जास्त. मग पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं, दुसरीकडून मणेर आणला आणि त्यानं नवरीच्या हाताला काच लावली. निरोप आला, "ये, पण हात धुऊन." गेले. माझ्या बांगड्यांवर गोमूत्र शिंपडलं, मग भरून घेतल्या आणि मग पाया पडल्या. मी "अखंड राहू दे" म्हटलं. हसू दाबायला लय कष्ट पडले. काही घरं मात्र कायमची गेली ती गेलीच.

लढाई संपली. कैदेतून सुटलेले गडी एकेक करून परत आले. रूथचा नवरा आला नाही. त्याच्याबरोबरच्या एकानं येऊन सांगितलं, "तो नदीपाशी मेला, मी डोळ्यांनी बघितलं." धुरपाबाई त्या पावसाळ्यातच गेली.

त्यानंतर वस्तीतल्या बायका हात मोकळे करायला जमल्या. रूथनं हात मागं घेतला नाही, पुढं धरला आणि म्हणाली, "ह्या त्यांच्या न्हाईत. त्यांच्यासाठी रडायचं ते मी रडले, अजून रडीन. ह्या माझ्या हायत." म्हातारा खूप बोलला. कुणाला त्या काढता आल्या नाहीत. हे मी पाहिलं नाही. तिनंच दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सांगितलं.

ती उंबऱ्याबाहेर थांबलेली. मी म्हटलं, "आत ये गं, हितं कोन बघतंय." ती आली, माझ्याजवळ बसली. आदल्या दिवशी पेटी उचलताना माझी एक बांगडी वाढली होती आणि मला चढवायला सवड झाली नव्हती. तिच्या ते लक्षात आलं. तिनं पेटी पुढ्यात ओढली. जुडग्यातून एकटी पडलेली एक शोधली, म्हणाली, "कै कोडव्वा."

सासू गेल्यापासून माझा हात कुणी असा धरला नव्हता. साऱ्या पंचक्रोशीचे हात मी धरले, माझा धरायला कुणी नव्हतं, आणि तसं कुणी असावं हे मी विसरूनही गेले होते. तिनं दाबून दाबून तो मऊ केला, अंगठा मुडपला. मला बोलण्यात गुंतवायचं म्हणून म्हणाली, "औंदा हुरडा लय ग्वाड निघाला म्हनं." माझंच वाक्य, माझ्याच हेलात. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. बांगडी चढली ती कळलीसुद्धा नाही.

आमच्यात अल्लाशिवाय कुणापुढं वाकत नाहीत. तिच्यात येशूशिवाय नाही. पण भरून झालं की भरणारणीला नमस्कार करायचा, ही धंद्याची रीत. मी वाकले.

तिनं हात पदराला पुसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी आजवर हजारो बायांना म्हटलेलं ते मला म्हणाली, "अखंड राहू दे."